तीनशेचारच्या भाऊंनी काय खाल्लं!

अहो, ऐकलंत का? तीनशेचारची मंडळी आली हो मेलबर्नहून! सुनेचं बाळंतपण उरकून परवा पहाटे उतरली, आणि काल संध्याकाळी त्यांच्याकडेच भिशी. जेटलॅग-बिटलॅग काही नाही, वहिनींनी मुद्दाम स्वतःकडे मागून घेतली. बॅगा उघडून दाखवायच्या होत्या ना सगळ्यांना! आणि मग तिथे जे काही झालं… थांबा, ही चादर जरा त्या टोकाला धरा, पिळून घेते. हां. आता ऐका. हळूच बोलते, त्यांची खिडकी उघडी आहे.

भाऊ कसे आहेत ते तुम्हाला मी काय सांगायचं! एकादशी चुकणार नाही, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. कुणाचा वाढदिवस असला, केक समोर आला, की पहिला प्रश्न, "एगलेस ना?" मागे आमच्या धाकटीच्या वाढदिवसाला महावीर नगरातून केक आणला होता, दुकानावर हाताएवढ्या हिरव्या अक्षरांत लिहिलंय शंभर टक्के शाकाहारी, तरी ह्यांनी दुकानदाराला फोन लावायला लावला. का, तर सुरी वेगळी वापरता का म्हणून! आमचे हे तेव्हाच म्हणाले होते, जो माणूस सुरीची चौकशी करतो ना, त्याच्यावर लक्ष ठेवावं. मी म्हटलं, गप्प बसा. आता ह्यांना बोलायला जागा झाली ना…

तर काय सांगत होते, हां, भिशी. आम्ही सगळ्या जमलो होतो. चारशेएकच्या बेन, पोईसरची आपली ईस्ट इंडियन आंटी, पाचशेदोनच्या मालवणी काकी, झाडून सगळ्या. भाऊ कोपऱ्यात आरामखुर्चीत, हातात चिवड्याची बशी. वहिनींचं चाललं होतं, टार्नीटला काय घरं आहेत, काय रस्ते आहेत, बाजारात मेथीची जुडी काय भावाने मिळते, विमानतळावर त्या कस्टमवाल्या पोरीने मेतकुटाची पुडी कशी उलटसुलट करून पाहिली. तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल. वहिनींनी कौतुकाने फोन टीव्हीला जोडला, म्हणजे नातू सगळ्यांना दिसावा! तो पाच वर्षांचा, गोड पोरगा, आणि मराठी अजून टिकवलंय हो त्यांनी. तो स्क्रीनभर तोंड आणून म्हणतो काय, "आजोबा, मी आणि बाबा बेकरीत गेलो होतो. पण युअर पाय वॉज सोल्ड आउट!"

भाऊंचा हात बशीत होता तो बशीतच राहिला.

वहिनी हसल्या. म्हणजे ओठ हसले. "ॲपल पाय हो," म्हणाल्या, "सफरचंदाचा. ह्यांना फार आवडायचा." झालं असतं तिथेच, निभावलं असतं. पण पाचशेदोनच्या काकी! त्यांनी साखर घोळलेल्या आवाजात विचारलं, "कसला पाय रे सोन्या?" आणि ते कार्टं टीव्हीत मावेना इतक्या आनंदाने ओरडलं, "मीट पाय! विथ सॉस! आजोबा टू खायचे!"

अहो, पंख्याचा आवाज ऐकू आला सगळ्यांना.

आता काकींना इतका आनंद का, ते तुम्हाला माहीतच आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी घरात सुके बोंबील भाजले म्हणून भाऊंनी, सेक्रेटरी ह्या नात्याने, लिफ्टमध्ये नोटीस नव्हती का लावली? 'सभासदांनी एकमेकांच्या भावनांचा विचार करावा.' नाव नव्हतं त्यात, पण खाली कंसात मजला होता! त्या दिवसापासून काकी वाट बघत होत्या. आणि बघा, मिळालं ते सुद्धा कुठून, तर थेट ऑस्ट्रेलियातून, एचडीमध्ये.

कुणीतरी विचारलं, कसलं मांस असतं हो त्यात? कुणी विचारलं ते नाही सांगत, पण बेनच होत्या. वहिनी इतक्या घाईने म्हणाल्या, "चिकन, चिकनच!" की भाऊंनीसुद्धा चमकून पाहिलं. आता तिथला साधा मीट पाय म्हणजे बहुतेक बीफचा. मेलबर्नला जाऊन आलेल्या तिघी बसल्या होत्या तिथे, एकीनेही तोंड उघडलं नाही. त्या क्षणी अख्ख्या भिशीने एकमताने चिकन मंजूर केलं. कुणी म्हणतं सोसायटीत एकी नाही म्हणून!

पण खरी गंमत त्याच्यापुढेच. मला वाटलं होतं भाऊ उठून आत जातील, रक्तदाबाची गोळी घेतील. कसलं काय. बशी खाली ठेवली, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "खाल्ला. बरं मग?" आणि सांगायलाच लागले हो! इतकं बोलताना मी त्यांना जनरल बॉडी मीटिंगमध्येही पाहिलेलं नाही.

म्हणाले, मुलाच्या घराजवळ बेकरी. सकाळी फिरायला जायचे, तर दहाच्या सुमाराला तिथे गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सगळे भगव्या-पिवळ्या चमकणाऱ्या जॅकेटात, बुटांना चिखल, उभ्यानेच खात असायचे. कामावरची ती मधली सुट्टी, तिला ते लोक 'स्मोको' म्हणतात. तळहाताएवढा गोल पाय, कागदी पिशवीत. खाली घट्ट कणकेची वाटी, वर खारीसारखं पापुद्र्यांचं झाकण, आत खिमा आणि दाट काळपट ग्रेव्ही. काटा नाही, चमचा नाही, बशीसुद्धा नाही. झाकणाच्या मधोमध टोमॅटो सॉसचं टोक खुपसायचं, दाबायचं, पिशवी अर्धी खाली सरकवायची, मान पुढे काढायची म्हणजे शर्टावर सांडत नाही, आणि मग कडेने छोटा चावा. "पहिला चावा मोठा घेतला तर जीभ भाजलीच," भाऊ म्हणाले. "आधी वाफ जाऊ द्यायची." हे सांगताना त्यांनी मान पुढे काढून, कोपर बाहेर करून दाखवलं हो! वहिनी जमिनीकडे बघत होत्या. जणू फरशी नवीनच बसवलीय.

आणि हे फक्त गवंड्या-प्लंबरचं खाणं नाही बरं का. मेलबर्नच्या त्या मोठ्या मैदानावर, एमसीजीवर हो, आपण बॉक्सिंग डे टेस्ट बघतो तिथे, हिवाळ्यात फुटबॉलच्या मॅचला हजारो माणसं हातात पाय घेऊन बसतात. बँकेचा मॅनेजर आणि त्याचा ड्रायव्हर, दोघांच्या हातात तेच. त्यांचा तो प्रसिद्ध फोर अँड ट्वेंटी ब्रँड, तो 1947 साली बेंडिगो गावात निघाला. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं आणि त्यांना पाय, असं आमचे हे म्हणाले. नाव ठेवलं ते त्या इंग्रजी बडबडगीतावरून, चोवीस काळे पक्षी घालून पाय भाजतात ना, त्या. आपल्या पोरांना कॉन्व्हेंटमध्ये शिकवतात आणि आपण टाळ्या वाजवतो!

आमच्या ह्यांचं काय, क्रिकेट निघालं की थांबतात होय? लगेच म्हणाले, 1998 च्या दौऱ्यात शेन वॉर्नला इथलं जेवण सोसेना, तर त्याच्यासाठी तिकडून बेक्ड बीन्सचे डबे आले होते. "आणि सचिनने त्याला धुतला तो डब्यांसकट," असं म्हणून एकटेच हसले. भिशीत पुरुषांना बोलवूच नये खरं तर.

तर काय सांगत होते… हां, बेन. बेनचा चेहरा तोवर दुधीसारखा पांढरा. त्यांना धीर द्यावा म्हणून भाऊ म्हणाले, "अहो बेन, नावाला मीट. तिथला कायदाच आहे, चारातला एक भाग मांस असला की त्याला मीट पाय म्हणता येतं. पंचवीस टक्के. बाकी ग्रेव्ही आणि मैदा." बेननी क्षणभर हिशोब केला, त्यांच्या घरात शेअर बाजार आहे हो, आणि एकदम उजळून म्हणाल्या, "तो पछी पोणो भाग तो वेज ज ने!" अहो, काय हसलो सगळ्या! आंटीच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाऊण भाग शाकाहारी! भाऊंनी मान डोलावली, कोर्टाने जामीन दिल्यासारखी.

मग त्यांना चेवच आला. ॲडलेडला म्हणे पाय घट्ट वाटाण्याच्या सूपमध्ये उलटा टाकून देतात, वर सॉस. 'पाय फ्लोटर' म्हणतात. त्याला तिथल्या नॅशनल ट्रस्टने 2003 मध्ये वारसा म्हणून मान दिलाय! "म्हणजे मिसळच की," आंटी म्हणाली, "फरसाणाच्या जागी पाय." आणि सिडनीला, वुलुमुलु म्हणून बंदराचा भाग आहे, तिथे हॅरीची गाडी, 1938 पासूनची. पायवर बटाट्याचा लगदा, त्यावर वाटाण्याचा लगदा, मध्ये खळगा करून ग्रेव्ही. नावातच चाकं आहेत, 'कॅफे डी व्हील्स'. का, तर म्हणे तिथल्या नगरपालिकेचा नियम होता, फिरती गाडी असेल तर रोज फूटभर तरी हललीच पाहिजे. हे ऐकून आमचे हे म्हणाले, आपल्या शंकर गल्लीतल्या गाड्या तर म्युनिसिपालटीची गाडी दिसली की दिवसातून चारदा हलतात, त्यांना कुठला वारसा देणार?

आता वहिनींना हे सगळं थांबवायचं होतं. साहजिक आहे हो, आपला नवरा असा मान पुढे काढून… तर त्या उठल्या, आतून एक चपटा डबा आणला. "हे घ्या, हे बघा, तिकडची स्पेशालिटी. लॅमिंग्टन! मी स्वतः शिकले. सुनेच्या ओव्हनमध्ये केलेत, येताना आणले. घ्या बेन, पहिला तुम्ही घ्या. अंडं-बिंडं काही नाही!"

दिसायला देखणे. चौकोनी केकचे तुकडे, बाहेरून पातळ चॉकलेटमध्ये बुडवलेले आणि मग सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवलेले. बेननी उचलला, तोंडापर्यंत नेला…

आणि टीव्ही चालूच होता! कॉल कुणी बंदच केला नव्हता! "आजी, लॅमिंग्टन!" नातू ओरडला, "वी ब्रोक फोर एग्ज! मी ब्रेक केले! रिमेंबर, शाळेसाठी?"

बेनचा हात तोंडापाशी थिजला. वहिनींचा चेहरा कसा पडला म्हणून सांगू… आधी भुवया गेल्या, मग गाल, मग हनुवटी. एकेक मजला खाली. आणि भाऊ! भाऊ खुर्चीत इतके सैल झाले, इतके निवांत… "चार अंडी," म्हणाले, "चातुर्मासात." बस, एवढंच.

मग कळलं, तिथे 'लॅमिंग्टन ड्राइव्ह' असतो. शाळेला, बालवाडीला, स्काउटला पैसे हवेत, की आयाबाया ढिगांनी लॅमिंग्टन करतात, डझनाच्या हिशोबाने विकतात. नातवाच्या शाळेचा होता. वहिनी त्यात पुढे! आपल्या गणपतीच्या वर्गणीला दार उघडताना ह्यांना दहा वेळा विचार करावा लागतो, आणि तिकडे गोऱ्यांच्या शाळेसाठी अंडी फोडतात. असो. आपण कशाला बोला.

पण 'लॅमिंग्टन' म्हटल्यावर आमच्या ह्यांचे कान टवकारले. उभी नोकरी ग्रँट रोडला झाली ना ह्यांची! कॅसेट प्लेअरचे सुटे भाग काय, रेडिओचे व्हॉल्व्ह काय, लॅमिंग्टन रोडचं दुकानन् दुकान पाठ. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहून किती वर्षं झाली, पण टॅक्सीवाल्याला तुम्ही काय सांगता? लॅमिंग्टन रोडच ना? तर हे म्हणाले, "अहो वहिनी, हा केक आपलाच की!" सगळ्या वळल्या. हे उभेच राहिले. मग काय, पुराण सुरू. तो लॉर्ड लॅमिंग्टन आधी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचा गव्हर्नर होता, 1896 ते 1901. त्याच्या घरच्या स्वयंपाक्याने अचानक पाहुणे आले म्हणून उरलेला केक चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवला, असं सांगतात. कुणी म्हणतं ब्रिस्बेनला, कुणी म्हणतं टूवुम्बाला, कुणी म्हणतं श्रेय त्याच्या बायकोचं. तिथेही भांडणं आहेतच. आणि तिकडून सुटल्यावर साहेब कुठे आला? आपल्या मुंबईला! 1903 ते 1907 मुंबईचा गव्हर्नर. ते म्युझियम आहे ना, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याचा पाया प्रिन्स ऑफ वेल्सने 1905 मध्ये घातला, तेव्हा गादीवर हाच. म्हणजे बघा, तिकडे केक ठेवून आला, इकडे रस्ता ठेवून गेला.

"आणि पुढे ऐका," हे म्हणाले. ह्यांना असं मधेच थांबून पाणी प्यायची सवय आहे. "उधमसिंगाने लंडनला कॅक्स्टन हॉलमध्ये, 1940 च्या मार्चमध्ये, ओडवायरला गोळ्या घातल्या ना? त्या सभेत जे जखमी झाले, त्यांत हा म्हातारा लॅमिंग्टन होता!" अहो, अंगावर काटा आला. डब्यातल्या त्या खोबऱ्याच्या चौकोनांकडे सगळ्या वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या. त्याच वर्षी गेला तो. काकी म्हणाल्या, "बरं झालं." मग एक तुकडा उचलून खाल्ला.

पोईसरच्या आंटीला मात्र इतिहासाशी काही देणंघेणं नाही. तिने एक लॅमिंग्टन दोन बोटांत दाबून पाहिला, फोडला, आत बघितलं. "केक ताजा घेतला होतास ना?" वहिनी हो म्हणाल्या. "म्हणूनच भुगा पडलाय. शिळा केक घ्यायचा. एक दिवस उघडा ठेवायचा, नाहीतर फ्रीजरमध्ये कडक करायचा, मगच चॉकलेटमध्ये बुडवायचा. ताजा केक रस पितो आणि बसतो." तिच्या घरात नाताळाचा कुस्वार, खिम्याचे पॅनरोल, पोटॅटो चॉप, सगळं असतं. ह्या सगळ्या गोंधळात तिला एकच कळत नव्हतं. "एवढं लपवायचं काय पण त्यात?" म्हणाली. "खिमा मैद्यात गुंडाळला. खाल्ला. झालं."

मला रात्री झोपताना तेच आठवत होतं हो. आपल्याकडे बेकरी म्हणजे लपून खायची जागा. खरं सांगा, नाही का? कांदिवली स्टेशनबाहेर ऑम्लेट-पाव खाताना कितीतरी 'शुद्ध शाकाहारी' घरांतली पोरं मी पाहिली आहेत, गाडीकडे पाठ करून, हेल्मेट डोक्यावर ठेवूनच. अहो, हेल्मेट घालून ऑम्लेट! आमच्या ह्यांचा मेरवानचा मावा केक, ते 1914 चं ग्रँट रोडचं इराणी दुकान, तिथून केक खाऊन यायचे आणि सासूबाईंना सांगायचे दुधाचाच असतो. आणि तिकडे? बेकरीच्या काचेमागे तीन-तीन रांगा. मीट पाय, सॉसेज रोल, व्हॅनिला स्लाइस… त्या व्हॅनिला स्लाइसला, पिवळं घट्ट कस्टर्ड असतं ना थरथरणारं, तिथली पोरं काय म्हणतात ते नातवाने सांगितलं, पण खाताना सांगण्यासारखं नाही. शिवाय गुलाबी आयसिंगचे लांबट फिंगर बन, आणि पोरांच्या वाढदिवसाला तर चक्क पांढऱ्या ब्रेडला लोणी लावून वर रंगीत साखरेचे दाणे. फेअरी ब्रेड! आपण असं पाहुण्यांसमोर ठेवलं तर म्हणतील, सिलिंडर संपला वाटतं. पण लाज म्हणून नाही हो कुणाला. जे आहे ते आमचं आहे, आणि आम्ही ते रस्त्यावर उभे राहून खातो.

बरं, आणि ह्या बेकऱ्या चालवतात कोण? भाऊंची ती बेकरी व्हिएतनामी जोडप्याची. व्हिएतनामच्या युद्धानंतर जी कुटुंबं तिथे आली, त्यांतल्या कितीतरी जणांनी गावोगावच्या बेकऱ्या घेतल्या. एका काचेत मीट पाय, शेजारच्या काचेत कोथिंबीर-मिरची घातलेला त्यांचा बान्ह मी. कायनटन म्हणून गाव आहे मेलबर्नच्या वर, तिथल्या कंट्री कॉब बेकरीने देशातल्या सर्वोत्तम पायचं बक्षीस एकदा नाही, अनेकदा मारलं. ती कंबोडियातून आलेल्या भावांची! म्हणजे गोऱ्यांचा जीव की प्राण असलेला पदार्थ, आणि पहिला नंबर कुणाचा… भाऊ म्हणाले, आपल्याही कुणीतरी तिथे बटाटावड्याचा पाय काढावा. वहिनी म्हणाल्या, तुम्ही आधी इथले प्रश्न सोडवा.

हो, बेनचं राहिलंच. बिचाऱ्या तेवढ्या वेळ लॅमिंग्टन हातात धरून बसलेल्या, टाकावा तर अपमान, खावा तर धर्म. शेवटी वहिनींना सुचलं. धावत आत गेल्या, बिस्किटांचा डबा आणला. "ॲन्झॅक बिस्किट! ह्यात अंडं नाही, आईशप्पथ!" आता आईशप्पथेवर कोण विश्वास ठेवणार होतं? सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं. नातवाने विचार केला, म्हणाला, "नो एग. ट्रू." तेव्हा बेननी घेतलं. खरंच नसतं हो त्यात. ओट्स, मैदा, साखर, लोणी, खोबरं आणि तो सोनेरी पाक, गोल्डन सिरप. पहिल्या महायुद्धाच्या काळातली चीज, अंडं नाही म्हणून दिवसेंदिवस टिकते. आणि त्या नावाला कायद्याचं संरक्षण! सरकारची परवानगी असेल तर विकायची, मूळ कृतीत फार फेरफार करायचा नाही आणि त्याला कुकी म्हणायचं नाही. सैनिकांचं नाव आहे ना. बेननी तीन खाल्ली. म्हणाल्या, आपल्या बेकरीवाल्या चाचांना दाखवते, बनवून देतील.

चाचांना कुठला उत्साह आहे सध्या! हायकोर्टाने 2025 च्या जानेवारीत सांगितलं ना, लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद करा, गॅस नाहीतर विजेवर या. तेव्हापासून ज्याच्या-त्याच्या बेकरीत तेच. भट्टीच्या पावाची ती खालची करपट कड आता मिळायची नाही, असं चाचा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. मी म्हटलं, धूर आपल्याच नाकात जात होता ना चाचा. तर म्हणाले, भाभी, चव पण तुमच्याच तोंडात जात होती. काय बोलणार!

आणि आज सकाळची ताजी बातमी ऐका, ही अजून कुणाला माहीत नाही. मी दूध आणायला गेले, तर बेकरीत भाऊ. उघड! पिशवी लपवलेली नाही, इकडे-तिकडे बघणं नाही. काउंटरवर कोपर टेकून विचारत होते, "चाचा, खिमा पॅटिस गरम आहे का?" मला पाहिलं. मला वाटलं आता घसरतील, म्हणतील नातवासाठी. नातू कुठे आहे? मेलबर्नला! पण नाही. म्हणाले, "या, खाणार? फक्त वाफ जाऊ द्या आधी."

मी म्हटलं, नको हो, आज गुरुवार.

पण खरा बॉम्ब अजून पुढेच आहे. तिथे मतदान सक्तीचं आहे ना, 1924 पासून, शनिवारी असतं, आणि शाळेत मत द्यायला गेलं की अंगणात शाळेचीच मंडळी सॉसेज भाजून ब्रेडमध्ये घालून विकतात, शेजारी आयांचा केकचा स्टॉल. 'डेमॉक्रसी सॉसेज'! 2016 साली तो शब्द तिथे वर्षाचा शब्द ठरला. हे भाऊंनीच सांगितलं भिशीत, मोठ्या कौतुकाने. म्हणाले, त्यामुळे रांगेत भांडणं होत नाहीत, लोक मत देतात, खातात, घरी जातात. तेव्हा काकी काही बोलल्या नाहीत, नुसत्या ऐकत होत्या. मला तेव्हाच शंका आली. आणि आज अकरा वाजता ऑफिसमध्ये जाऊन काकींनी सेक्रेटरीपदासाठी फॉर्म भरला! भाऊंच्या विरोधात! आणि सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत, निवडणुकीच्या दिवशी कंपाउंडमध्ये माझा स्टॉल. एका तव्यावर रवा लावलेले बोंबील, अगदी शेजारीच नाही, चार हात सोडून, बेनचा ढोकळा आणि अंड्याशिवायची बिस्किटं. सुरी वेगळी! आंटी लॅमिंग्टन करणार, शिळ्या केकचे. जमलेले पैसे लिफ्टच्या दुरुस्तीला. आता भाऊ विरोध तरी कुठल्या तोंडाने करणार?

मी मत कुणाला देणार म्हणता? अहो, मतदान गुप्त असतं, असं काय विचारता… पण तुम्ही म्हणून सांगते, काकींनी मला तव्यावर उभं राहायला सांगितलंय, आणि मी हो म्हटलंय.